बुशनेलचे सुकाणू

डेव्हिड बुशनेलने आपल्या पाणबुडीवर जो लेख लिहिला, त्यात सुकाणूच्या वाट्याला जेमतेम चार-पाच वाक्ये आली आहेत. पहिल्याच वाक्यात तो सांगून मोकळा होतो, की मागे टांगलेल्या सुकाणूमुळे नाव अगदी सहज हवी तिकडे वळत असे. पुढे काही परिच्छेद गेले की हीच नाव न्यूयॉर्कच्या बंदरात एका इंग्रज जंगी जहाजाच्या तळाशी जाऊन पोहोचते, तिथून जराशी बाजूला सरकायला जाते आणि डोक्यावरचे अख्खे जहाज हरवून बसते. सुकाणूबद्दलचे ते आत्मविश्वासाचे वाक्य आणि ही फजिती, दोन्ही एकाच माणसाने एकाच कोरड्या स्वरात लिहिली आहेत. दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे तो सांगत नाही. लेख पुन्हा वाचावासा वाटतो तो त्यामुळेच.

यंत्राच्या वर्णनाचे कसले आले आहे रसग्रहण, असे कोणी म्हणेल. पण ज्याने स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू घडवली, तो तिच्याबद्दल लिहू लागला की कशावर रेंगाळतो, काय एका वाक्यात उरकतो आणि काय गिळून टाकतो, हे पाहण्यात मोठी मौज असते. बुशनेलचा लेख तर मुळात पत्रच आहे. थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना त्याने या पाणबुडीची चौकशी चालवली होती. तिला उत्तर म्हणून बुशनेलने १७८७ साली ही सगळी हकीकत लिहून पाठवली, आणि १७९९ मध्ये ती अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. प्रसंग १७७६ चा, लिहिणे अकरा वर्षांनंतरचे. एवढ्या वर्षांत माणूस आपल्या अपयशाला बरीच रंगरंगोटी करू शकतो. बुशनेलने ती फारशी केलेली नाही.

हा कनेक्टिकटमधल्या सेब्रूकच्या शेतकऱ्याचा मुलगा. तिशी उलटल्यावर येल कॉलेजात दाखल झाला आणि १७७५ मध्ये पदवीधर झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. बुशनेलने कनेक्टिकट नदीच्या परिसरात भावाच्या मदतीने ओकच्या लाकडाची एक नाव बांधली, तिला लोखंडी पट्ट्या आवळल्या, वरून डांबर चोपडले. दोन कासवांच्या पाठी एकमेकींना जोडाव्यात तसा तिचा आकार होता, असे तो स्वतःच म्हणतो. इतिहासात तिचे नावही 'टर्टल' असेच राहिले. आत एकच माणूस बसायचा. त्याला अर्धा तास पुरेल एवढी हवा. नाव चालायची ती त्याच माणसाच्या अंगबळावर: पुढच्या टोकाला मळसूत्राच्या तत्त्वावर केलेले एक वल्हे होते, म्हणजे आजच्या भाषेत पंखा, आणि तो हाताने किंवा पायाने फिरवता येई. एका बाजूला फिरवला की नाव पुढे, उलट फिरवला की मागे. पाण्यात पायडल मारून चालणाऱ्या घरगुती नावांची वंशावळ कोणी लिहायला घेतली, तर तिच्या पहिल्या पानांवर या कासवाला जागा द्यावी लागेल.

आता ती सुकाणूची वाक्ये सावकाश वाचू. सुकाणूचा दांडा आत, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी आहे. तो एका लोखंडी कांबीवर काटकोनात बसवला आहे. ही कांब नावेच्या कुशीतून आरपार बाहेर जाते, बाहेर तिला एक वाकडा हात आहे, त्या हातापासून दुसरी कांब निघून सुकाणूवरच्या दुसऱ्या दांड्याला जाऊन मिळते. आतला दांडा वर उचलला किंवा खाली दाबला की सुकाणू वळते. एवढेच. घाईने वाचणारा पुढे निघून जाईल. पण इथे थांबून विचारायला हवे: वर-खाली का? होडीचे सुकाणू आडवे फिरते, दांडा डावी-उजवीकडे ढकलायचा असतो. साऱ्या दर्यावर्दी जगाची ही सवय सोडून बुशनेलने दांडा उभ्या दिशेने हलणारा का केला?

उत्तर त्याने त्या जागी दिलेले नाही, पण लेखात दुसरीकडे ठेवून दिले आहे. बाहेरच्या यंत्रणेचा जो जो भाग नावेच्या अंगातून आत येतो, तिथला सांधा गोल आहे, असे तो सांगतो. लाकडात पितळी नळ्या ठोकलेल्या, त्यांची भोके अगदी मापाची, आतून जाणाऱ्या लोखंडी कांबी लेथवर कातून त्या भोकांत नेमक्या बसवलेल्या. शिवाय गंज आणि गळती टाळायला सांधे सतत तेलाने भरलेले. हे वाचल्यावर वर-खालीचा उलगडा होतो. डावी-उजवीकडे हलणारा दांडा नावेच्या अंगातून बाहेर काढायचा, तर त्याला लांब चीर लागणार, आणि पाण्याखाली चीर म्हणजे मरण. जागच्या जागी फिरणाऱ्या कांबीला मात्र एक गोल भोक पुरते. कांब कुशीतून आडवी बाहेर जाते, म्हणून तिच्यावर काटकोनात बसवलेला दांडा वर-खालीच हलणार. गळती थांबवण्याच्या गरजेने सुकाणूची चाल ठरवली आणि चालवणाऱ्याच्या हाताला नवी सवय लावायला भाग पाडले. हे सारे लेखकाने दोन वेगवेगळ्या जागी, कसलाही गाजावाजा न करता लिहून ठेवले आहे. लेखाचे सौंदर्य मला इथे दिसते. कार्यकारण सांगायची घाई नाही. वस्तू पुढे मांडली आहे, जोडायचे काम वाचकाचे.

याची किंमतही आहे, आणि ती लेखात कुठे लिहिलेली नाही. डावीकडे जायला दांडा वर की खाली, हे अंधारात, पाण्याखाली, दम लागलेला असताना हाताला आपोआप कळायला हवे. ते कळायला दिवस लागतात.

सुकाणूबद्दलचे आणखी एक वाक्य असे, की ते चांगले लवचीक केले होते आणि नाव पुढे न्यायलाही त्याचा उपयोग होई. एकटा माणूस छोट्या होडीच्या मागच्या बाजूला वल्हे रोवून ते डावी-उजवीकडे घुसळतो आणि होडी पुढे काढतो, तीच युक्ती. म्हणजे पुढचा पंखा बंद पडला तरी सुकाणू हलवत हलवत माणूस घरी येऊ शकेल. मला मात्र या वाक्यात बुशनेलची एक शंकाही ऐकू येते. पुढच्या पंख्यावर त्याचा पुरता भरवसा असता, तर सुकाणूकडून वल्ह्याचे काम करून घ्यायची तजवीज त्याने केली असती का?

पंखा पुढे आहे, हीच माझ्या मते या नावेची खरी अडचण. सुकाणूची फळी स्वतः काहीच करत नाही. तिच्यावरून पाणी वाहील तेव्हाच ती नाव वळवते. वेग निम्मा झाला की तिचा जोर चौथाईवर येतो. माणसाच्या पायात ताकद ती किती! धट्टाकट्टा माणूस तासभर पायडल मारत राहिला, तर शंभर-दीडशे वॅट, साधारण दोन-तीन जुन्या बल्बांइतकी. एवढ्या ताकदीवर चालणारी जड नाव संथच जाणार, आणि संथ नावेचे सुकाणू दुबळेच असणार. म्हणून आज घरी पायडलची होडी करणारे लोक सुकाणू शक्यतो पंख्याच्या थेट मागे टांगतात. होडी जागची हलली नसली तरी पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याचा झोत फळीवर आदळतो आणि तोंड वळते. बुशनेलचा पंखा पुढच्या टोकाला, सुकाणू मागच्या टोकाला, आणि मध्ये ओकचे गलेलठ्ठ पोट. पंख्याचा झोत त्या पोटावर आपटून फाकणार, सुकाणूपर्यंत त्यातला कितीसा पोहोचणार?

आणि ते पोट. विहिरीत तरंगणारी घागर बोटाने ढकलून पाहावी. ती सरळ जायच्या आधी स्वतःभोवती फिरते. आखूड आणि गोल वस्तूला पाण्यात दिशा धरवत नाही. पाणबुडीला दाब सोसायचा असतो, त्यासाठी गोलाई उत्तम, आणि बुशनेलने तीच निवडली. पण म्हणूनच सुकाणूबद्दलचे त्याचे ते पहिले वाक्य खरे असूनही अपुरे ठरते. नाव सहज वळत असणार यात शंका नाही. आपण न वळवताही ती वळत असेल, त्याचे काय? संथ नदीत, दोरी बांधून घेतलेल्या चाचण्यांत हा दोष गुण वाटला असेल.

आत बसलेल्या माणसाची कामे मोजली की छाती दडपते. पुढचा पंखा फिरवायचा. माथ्यावर दुसरा पंखा आहे, तो फिरवून खोली सांभाळायची. पाणी आत घ्यायला पायाने पितळी झडप दाबायची, जास्त झाले तर दोन्ही बाजूंच्या पंपांनी बाहेर फेकायचे. शत्रूच्या जहाजाच्या तळात घुसवून बंदुकीच्या दारूचे पिंप टांगायचा स्क्रू वर रेटायचा. आणि या सगळ्यात उजव्या हाताने सुकाणू धरायचे. बुशनेल यावर फार समाधानाने लिहितो, की सारे काही चालवणाऱ्याच्या पुढ्यात आणले होते, अंधारात चाचपडून सापडेल असे. कशासाठीही त्याला डावी-उजवीकडे वळावे लागत नसे. घरगुती कारागिराचा हा अभिमान वाचताना हसू येते आणि आदरही वाटतो. माणसाला वळावे लागू नये एवढी काळजी त्याने घेतली. नावेला वळावे लागेल तेव्हा त्या माणसाचे किती हात मोकळे असतील, हा प्रश्न मात्र लेखात येत नाही.

अंधारात दिसायच्या वस्तू दोनच: खोली दाखवणारी नळी आणि होकायंत्र. त्यांच्यावर फॉस्फरसची चमक होती, असे बुशनेल म्हणतो. त्याची हकीकत इतरांना कळवणाऱ्या डॉ. बेंजामिन गेल यांच्या पत्रांत मात्र चमकणाऱ्या कुजक्या लाकडाचा उल्लेख आहे, आणि थंडी कडाक्याची पडली की ती चमक मावळते अशी तक्रारही. आपल्याकडे पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री उजळणारी बुरशी पाहायला लोक जातात, तिचीच ही दूरची भावंडे. सुकाणू कितीही चांगले असले तरी तोंड कुठे आहे हे कळण्याची सोय एका बुरशीच्या मर्जीवर होती.

आता लेखाचा सूर बदलतो. यंत्र संपते आणि माणसे येतात. बुशनेलने कोणाही नवख्याला दोरी बांधल्याशिवाय पाण्याखाली जाऊ दिले नाही. माणूस तयार झाला की त्याला ठरावीक खोलीवर स्थिर राहायला लावायचे, होकायंत्रावर वल्हवायला लावायचे, जहाजाजवळ जाऊन तळाखाली शिरायला लावायचे. साधारण बुद्धीच्या माणसाला तरबेज करायला पुष्कळ सराव लागतो, हे त्याने नमूद केले आहे. पहिला माणूस फार हुशार होता, सगळे शिकला, पण १७७६ च्या मोहिमेत न्यूयॉर्कला आजारी पडला आणि पुढे कधी पुरता सावरला नाही. हा पहिला माणूस म्हणजे बुशनेलचा सख्खा भाऊ एझ्रा. लेखात हे नाते नाही, नावही नाही. 'मी कामावर घेतलेला पहिला माणूस', इतकाच त्याचा परिचय. कोरडेपणा हाच या लेखाचा स्वभाव असला तरी इथे तो जरा टोचतो.

मग अनेकांना पारखून त्याने त्यातल्या त्यात बऱ्या माणसाला पाठवले. हा सार्जंट एझ्रा ली. नाव योगायोगाने तेच. सप्टेंबर १७७६ च्या सुरुवातीची रात्र, गव्हर्नर्स आयलंडजवळ नांगरलेले जहाज. बुशनेल ते ५० तोफांचे म्हणतो; परंपरेने ते ॲडमिरल हाऊचे 'ईगल' मानतात, आणि 'ईगल' ६४ तोफांचे होते. ली तळाखाली गेला, स्क्रू लावू लागला, पण तो आत शिरेना. तळाला तांब्याचा पत्रा होता म्हणून बेत फसला, ही गोष्ट पुढे फार लोकप्रिय झाली. बुशनेलचे म्हणणे निराळे: स्क्रू बहुधा एका लोखंडी पट्टीला लागला, आणि ही पट्टी शत्रूच्या जहाजाच्या सुकाणूच्या बिजागरीपासून निघालेली होती. तांबे असते तर सहज भेदता आले असते, असेही तो वर सांगतो. काही इंच बाजूला सरकला असता तर लाकूड सापडले असते. पण नाव चालवण्यात ली पुरेसा मुरलेला नव्हता. सरकायला गेला आणि जहाज गमावून बसला. एका सुकाणूची पट्टी आडवी आली आणि दुसऱ्या सुकाणूने दगा दिला. एखाद्या कथालेखकाने हे रचले असते, तर आपण त्याला फार जुळवाजुळव केली म्हणून नावे ठेवली असती. बुशनेलला यातला विरोधाभास दिसला असेल तरी त्याने तो दाखवलेला नाही.

याच रात्रीची लीने स्वतः लिहिलेली हकीकत उपलब्ध आहे, १८१५ मधल्या एका पत्रात. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. जे बुशनेलने 'बाजूला सरकताना जहाज हरवले' एवढ्यात आटोपले, ते लीच्या पत्रात अंगावर येते. नाव किंचित एका बाजूला ढळली आणि जहाजाच्या पोटाखालून निसटून एकदम वर उसळली, दोन-तीन फूट पाण्याबाहेर, आणि पुन्हा खाली बुडाली. त्याआधीची गोष्ट तर सुकाणूच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. सोबतच्या होड्यांनी सोडले तेव्हा ओहोटीचा जोर होता आणि प्रवाहाने त्याला जहाजांच्या पार पलीकडे वाहून नेले. त्याने नाव फिरवली आणि अडीच तास वल्हवत राहिला, पाणी मंदावेपर्यंत. खूप कष्ट केले तर ही नाव थोडा वेळ तीन नॉट वेगाने जाऊ शकते, असे तो म्हणतो. एका हाताने वल्हवायचे, दुसऱ्याने सुकाणू धरायचे, हेही त्यानेच सांगितले आहे. बंदरातला प्रवाह तुमच्या वेगाइतकाच असला, तर सुकाणू कितीही अचूक धरा, किनाऱ्याच्या हिशेबाने तुम्ही तिथेच. परतताना होकायंत्राचा उपयोग होईना, तेव्हा दर काही मिनिटांनी वर येऊन, झाकणे उघडून, आपण बरोबर दिशेने चाललो आहोत का हे पाहावे लागले. बेटावरच्या शेकडो सैनिकांनी त्याला पाहिले आणि बारा वल्ह्यांची होडी त्याच्या दिशेने निघाली.

तेव्हा त्याने सोबतचे ते दारूचे पिंप सोडून दिले. का सोडले? बुशनेल म्हणतो, लाटांत त्याचा अडथळा होत होता म्हणून. ली म्हणतो, शत्रूने आपल्याला पकडलेच तर तेही उचलावे आणि सगळ्यांनी मिळून उडावे म्हणून. मला वाटते, यंत्र करणाऱ्याला ओढ दिसली आणि यंत्रात बसणाऱ्याला मरण दिसले. दोघेही आपापल्या जागी खरे. इंग्रजांच्या कागदपत्रांत या हल्ल्याचा मागमूस नाही, म्हणून काही इतिहासकार तो झालाच नसावा इथवर जातात. पुढे हडसन नदीत आणखी दोन प्रयत्न झाले. त्यातल्या एकात ली जहाज दिसेनासे होऊन कितीतरी पुढे निघून गेला, आणि ते सापडल्यावर खाली बुडी मारताच भरती-ओहोटीच्या ओढीने त्याला पलीकडे वाहून नेले. तीच कथा, तोच प्रवाह.

बुशनेलचे निदान लेखाच्या शेवटाकडे येते: चालवणाऱ्यांनी अधिक कौशल्य मिळवल्याखेरीज यश येणार नाही. प्रकृती ढासळलेली, पैसा संपलेला, सरकारचे लक्ष नाही. म्हणून त्याने काम थांबवले आणि अधिक अनुकूल संधीची वाट पाहिली. ती कधी आलीच नाही, हे तो त्याच वाक्याच्या शेपटीला, जाता जाता जोडतो. साऱ्या लेखात स्वतःबद्दल एवढे दुःख त्याने दुसरीकडे कुठे सांगितलेले नाही.

निदान मात्र मला पटत नाही. दोष त्याने माणसाच्या हातात शोधला, फळीत शोधला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनला हे अधिक स्वच्छ दिसले होते. १७८५ मध्ये जेफरसनला लिहिलेल्या पत्रात त्याने या कामाला प्रतिभेचा आविष्कार म्हटले, पण प्रवाहांमुळे पाण्याखाली हे यंत्र हाकणे आणि ताब्यात ठेवणे अवघड होते, आणि वारंवार वर येऊन पाहिल्याशिवाय नेम लागण्याची खात्री नव्हती, असेही सांगितले. वॉशिंग्टनने नाव बांधली नव्हती, म्हणून त्याला तिच्यावर रागही नव्हता नि मायाही नव्हती. बुशनेलची मात्र माया होती. पंखा मागे, सुकाणूच्या पुढे आणावा, नाव लांबट करावी, हे त्याला सुचले असते की नाही कोण जाणे. पण वर-खालीच्या दांड्याचा प्रश्न ज्याने गोल भोकाने सोडवला, त्याला दोन-चार वर्षे आणि थोडे पैसे मिळाले असते, तर त्याने तेही केले असते, असे मानायला मी तयार आहे.

आज अमेरिकेत मेरीलंडमधल्या कार्डरॉकच्या नौदलाच्या तलावात मानवी ताकदीच्या पाणबुड्यांच्या शर्यती होतात. विद्यार्थी आत आडवे होऊन पायडल मारतात, श्वासासाठी हवेची टाकी असते. लांबट देह, मागे पंखा, शेपटाशी सुकाणूच्या फळ्या. तिथे भरती-ओहोटी नाही, तरीही नाव सरळ ठेवणे ही मोठी डोकेदुखी असते.

बुशनेलचा लेख थोड्या पानांचा आहे, कोणाच्या मालकीचा उरलेला नाही, इंग्रजी वाचणाऱ्याला सहज मिळतो. लीच्या पत्रासोबत एका बैठकीत वाचून होईल. आणि न्यूजर्सी-कनेक्टिकटकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी एसेक्स गावच्या कनेक्टिकट रिव्हर म्युझियममध्ये जरूर जावे. १९७६ मध्ये बांधलेली 'टर्टल'ची चालती प्रतिकृती तिथे आहे. सगळे पुढच्या पंख्याचे फोटो काढतात. तुम्ही वळसा घालून मागे जा आणि आधी सुकाणू पाहा.